साहित्याची परिभाषा : तिचे कूळ आणि तिचे गाव

वाचकहो, उत्तरपत्रिका तपासणे हे आम्हां मास्तर मंडळींचे वर्षातले सर्वांत कंटाळवाणे काम. पण त्या गठ्ठ्यात एखादे वेळी असा कागद हाती लागतो की त्याने आपलीच परीक्षा घ्यावी. असा एक कागद काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे आला. पहिला प्रश्न होता, करुण रसाची व्याख्या लिहा. मुलाने ती बिनचूक लिहिली होती. शोक हा स्थायी भाव, अश्रू आणि निःश्वास हे अनुभाव, काही म्हणून राहिले नव्हते. मी पुरे गुण दिले. त्याखाली एक उतारा होता. एक म्हातारा शेतकरी आपला बैल बाजारात विकतो, रिकामे दावे खांद्यावर टाकून घरी येतो, आणि दिवेलागणीला सवयीने तणसाची पेंडी घेऊन गोठ्यात जातो, एवढीच हकीकत. प्रश्न असा, की या उताऱ्यात कोणता रस आहे? मुलाने लिहिले होते, ‘वीर रस. कारण बैल हा बलवान प्राणी आहे.’

मी हसलो, शेजारच्या प्राध्यापकांना दाखवले, तेही हसले. पुढे तो मुलगा भेटला तेव्हा मी त्याला बसवून तोच उतारा वाचून दाखवला आणि विचारले, ‘तुमच्या घरी कधी बैल विकला का रे?’ तो म्हणाला, ‘हो सर, मागच्या साली. बाबा दोन दिवस जेवले नाही.’ ‘मग या म्हाताऱ्याला काय वाटले असेल?’ ‘तसंच वाटलं असंल.’ ‘मग करुण रस का नाही लिहिलास?’ त्यावर तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘सर, तो रस त पुस्तकातला होय न?’

त्या दिवशी मला कळले की चूक मुलाची नव्हती. करुण रसाची ती व्याख्या मीच वर्गात सांगून लिहवून घेतली होती. रस, अलंकार, वृत्त, कथानक, मध्यवर्ती कल्पना हे शब्द मी त्याला असे दिले होते, की ते दूरच्या कुठल्या तरी शहरातून टपालाने आलेले असावेत. त्याच्या घरच्या गोठ्याशी त्यांचे काही नाते असू शकेल, हे मी त्याला सांगितले नव्हते. कारण तसा विचार मी स्वतःही केला नव्हता. तेव्हापासून मी या शब्दांचे कूळ शोधू लागलो. आता या शब्दांची उजळणी आपण मिळून करू. पण व्याख्या पाठ करून नव्हे, तर प्रत्येक शब्दाला ‘तू कोणत्या गावचा?’ असे विचारून.

आधी करुण रसच घेऊ, कारण तिथेच आमचे अडले होते. रसांची नावे भरताच्या नाट्यशास्त्रात आली. तिथे रस आठ आहेत. शांत हा नववा नंतर मानला गेला. पण या आठांत करुण हाच खरा रस, बाकीचे त्याचीच रूपे, असे ठासून सांगणारा नाटककार एकच, भवभूती. आठव्या शतकातला हा कवी कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला होता असे कल्हणाच्या राजतरंगिणीवरून कळते. पण तो कनोजचा नव्हे. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत तो आपले कूळ आणि गाव सांगतो. गाव, दक्षिणापथातले पद्मपूर. हे पद्मपूर कुठले, यावर पंडितांत वाद झाले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मात्र ते आमगावजवळचे पदमपूर होय, असे साधार मांडले. दुर्गच्या बाजूला सापडलेल्या वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटात पद्मपूर हे नाव येते, हा त्यांचा एक आधार. आमगाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे. 1 मे 1999 रोजी हा जिल्हा वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यात होते. तिथल्या महाविद्यालयाला भवभूतीचेच नाव आहे.

म्हणजे पाहा, ज्या मुलाने ‘तो रस पुस्तकातला’ असे म्हटले, त्याच्याच जिल्ह्यातल्या एका गावचा माणूस तो रस सांगून गेला! मिराशींचे मत ज्यांना मान्य नाही त्यांच्याशी मी भांडणार नाही. पण आमच्या वर्गात हे मत आजवर कोणी सांगितलेच नव्हते, ही गोष्ट काही चांगली नाही.

भवभूतीने आपले म्हणणे उत्तररामचरित या नाटकात, तिसऱ्या अंकात, तमसा नावाच्या नदीदेवतेच्या तोंडी घातले आहे. पाणी एकच, पण कुठे त्याचा भोवरा होतो, कुठे बुडबुडा, कुठे लाट. तसा करुण एकच, निमित्त बदलले की त्याचे रूप बदलते, असा त्याचा आशय. तलावांच्या मुलखातल्या माणसाला हा दृष्टांत समजावून सांगावा लागणार नाही. पावसाळ्यात बोडी भरून सांडव्यावरून पाणी जाऊ लागले की त्याची ही तिन्ही रूपे एकाच जागी उभे राहून पाहता येतात.

त्याच नाटकाचा पहिला अंक तर मला उतारा कसा वाचावा याचा वस्तुपाठ वाटतो. राम, सीता आणि लक्ष्मण भिंतीवरची चित्रे पाहत आहेत. चित्रे त्यांच्याच आयुष्याची, लग्नापासून वनवासापर्यंतची. लक्ष्मण एकेक चित्र दाखवून हे काय, ते काय, हे सांगतो. ही वाचनाची पहिली पायरी : काय आहे ते सांगणे. राम आणि सीता ती चित्रे पाहून कधी सुखावतात, कधी व्याकूळ होतात. ही दुसरी पायरी : त्यातून काय वाटते. आणि तिसरी पायरी प्रेक्षकाची. चित्रे पाहून सीतेला ते वन पुन्हा पाहावेसे वाटते. राम रथ सिद्ध करायला सांगतो. आणि त्याच वेळी दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन येतो. जी इच्छा सीतेने हौसेने बोलून दाखवली तीच तिच्या त्यागाचे साधन होते. तिला ते ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. पात्राला जे माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असणे, याला आमची समीक्षा नाट्यात्म उपरोध म्हणते. शब्द मोठा आहे. पण नाटक पाहताना ‘अगं, नको जाऊ!’ असे जिच्या तोंडून निघाले, त्या बाईला तो शब्दावाचून कळलेला असतो.

याच चित्रांच्या प्रसंगी रामाचा शोक पाहून दगडही रडला, अशी कल्पना येते. आपण घरी म्हणतो, ‘दगडाला पाझर फुटेल.’ परीक्षेत ही अतिशयोक्ती. घरात हे साधे बोलणे.

आता विषय निघालाच आहे तर अलंकारांचे थोडक्यात उरकून टाकू. भरताने अलंकार चारच सांगितले होते : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे संसारातल्या भांड्यांसारखी त्यांची संख्या वाढत गेली आणि अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत ती शंभरावर गेली. शाळेत एवढ्यांची गरज नाही. रोवणीच्या आधी पाण्याने भरलेली बांधी डोळ्यांपुढे आणा. ‘बांधीतले पाणी आरशासारखे आहे’ असे म्हटले की उपमा. ‘बांधी म्हणजे जणू आरसाच’ म्हटले की उत्प्रेक्षा. ‘बांधीच्या आरशात ढग तोंड पाहतात’ म्हटले की रूपक; शिवाय ढगांना माणसासारखे तोंड पाहायला लावले म्हणून चेतनगुणोक्तीही आली. गुरुजींनी फळ्यावर एवढे लिहावे आणि पुढची तीन वाक्ये मुलांकडून मागावीत, म्हणजे झाले.

अलंकारांपेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो शब्द निराळाच आहे, आणि तो तर उघड उघड आपल्या प्रांताच्या नावाचा आहे : वैदर्भी. दंडीने आपल्या काव्यादर्शात काव्याचे दोन मार्ग सांगितले, वैदर्भ आणि गौड. पुढे वामनाने त्यांना रीती म्हटले, तिसरी पांचाली धरली, आणि सर्व गुणांनी युक्त अशी रीती कोणती म्हणाल तर वैदर्भी, असा निकाल दिला. या गुणांतला एक गुण म्हणजे प्रसाद. वाचताक्षणी अर्थ मनात उतरणे, हा प्रसाद. वाळल्या सरपणात विस्तव पसरावा तसा तो पसरतो, असे मम्मट म्हणतो. ज्या रीतीत हा गुण भरलेला आहे तिला जुन्या पंडितांनी विदर्भाचे नाव दिले. आणि आमची मुले निबंधात काय करतात? ‘सूर्य उगवला’ असे लिहायला लाजतात आणि ‘सहस्ररश्मीचे आगमन झाले’ असे लिहितात. त्याला आम्ही गुणही देतो! न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की विदर्भाचा म्हणवणारा भवभूती स्वतः गद्य लिहू लागला म्हणजे पुष्कळदा लांबलचक समासांत शिरतो आणि वैदर्भीचा हात सोडतो. करुणाच्या प्रसंगी मात्र त्याचे शब्द साधे होतात. ज्याला खरेच काही सांगायचे आहे त्याची भाषा आपोआप सुटसुटीत होते की काय, न कळे.

वाचन आणि आकलन हे शब्द हल्ली कृतिपत्रिकेत फार दिसतात. आकलन या शब्दाचा संस्कृतात धरणे, पकडीत घेणे असाही अर्थ आहे. उताऱ्यातले काय पकडायचे? आपल्या शास्त्रकारांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. सरळ अर्थ देते ती अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा जवळचा अर्थ देते ती लक्षणा. ‘सारे गाव जत्रेला गेले’ म्हणजे घरे उठून गेली असे कोणी समजत नाही, ही लक्षणा. आणि बोललेल्याच्या पलीकडचे सुचवते ती व्यंजना. या तिसरीवर काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वन्यालोक हा ग्रंथ लिहिला. ग्रंथ काश्मीरचा, पण तिथे त्याने घेतलेले एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या महाराष्ट्री प्राकृतातले आहे, हालाच्या गाथासप्तशतीतले.

ती गोष्ट अशी. गोदावरीच्या काठी एक धर्मशील गृहस्थ रोज फुले तोडायला येतो. तिथला एक कुत्रा त्याला भिववतो. एक बाई त्याला सांगते : बाबा, आता खुशाल हिंड, त्या कुत्र्याला गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकले आहे. आता वर्गात विचारा : बाई त्याला जा म्हणते की नको म्हणते? शब्द पाहाल तर ‘खुशाल हिंड’. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या जागी जाईल का? तिला ती जागा मोकळी हवी आहे, त्याने तिकडे फिरकू नये असे तिच्या मनात आहे. सांगितले ‘ये’ आणि कळवले ‘येऊ नको’. मी हे उदाहरण सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुले सर्वांत आधी हसतात. ज्यांना पाठ्यपुस्तकातल्या ‘सूचक अर्थ’ या शब्दाने घाम फुटतो, त्यांनाच गावातले आडून बोलणे उत्तम कळते. सासू सुनेला ऐकू जावे म्हणून लेकीला बोलते, ती व्यंजना नाही तर काय आहे?

जुन्या पंडितांचा आणखी एक दाखला आहे. ‘सूर्य मावळला’ हे एकच वाक्य गुराख्याला सांगते गुरे वळव, ब्राह्मणाला सांगते संध्येची वेळ झाली, वाटसरूला सांगते मुक्कामाची जागा पाहा. आपल्याकडे आषाढात कोणी दारात येऊन नुसते ‘ढग भरून आले’ म्हणू द्या. धानाचे परे तयार असलेला एक अर्थ घेईल, ज्याचे घर शाकारायचे राहिले आहे तो दुसरा घेईल. आकलनाच्या प्रश्नात ‘हे वाक्य कोण कोणाला म्हणाले?’ असे विचारतात ते याचसाठी. मुलांना वाटते, तो एका गुणाचा फुकटचा प्रश्न. खरे तर अर्थाची किल्ली तिथे असते.

आता मराठीच्या स्वतःच्या अंगणात येऊ. मराठीचे सर्वांत जुने आणि सर्वांत घरगुती वृत्त म्हणजे ओवी. ओवी म्हटली की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते. ती शके 1212 म्हणजे सन 1290 ची. तिच्यात ओव्या नऊ हजारांच्या घरात. त्याहूनही आधीचा म्हणून मुकुंदराजांचा विवेकसिंधू सांगतात, शके 1110 चा. तो मराठवाड्यातल्या अंबेजोगाईचा की आपल्या वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचा, हा वाद अजून मिटलेला नाही. पण ओवी या दोघांच्याही आधीची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सन 1129 च्या सुमारास मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय काय जाणावे याचा तो मोठा कोश आहे. त्यात गीतांच्या प्रकरणी त्याने नोंद केली आहे, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात.

वाचकहो, ‘कांडताना’ या शब्दाशी जरा थांबा. आपण ओवी जात्यावरची समजतो, आणि ते बरोबरच आहे. ज्वारीच्या मुलखात जाते आहे. पण कांडण म्हणजे उखळ आणि मुसळ, आणि ते मुख्यतः कोणाचे? भात खाणाऱ्यांचे. गोंदियात आज भाताच्या गिरण्या आहेत, आणि नव्या सुनेला मुसळ कशी धरावी हे सांगावे लागेल. पण ज्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे त्या आजीला विचारून पाहा. दोघी समोरासमोर उभ्या राहून मुसळ घालतात तेव्हा एकीचे वर जाते, दुसरीचे खाली येते. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळायचे. त्या तालावर तीन चरण जुळत येतात, त्यांना यमक लागते, आणि चौथा आखूड चरण सुटा राहतो. चौथा आखूड का, याचे उत्तर छंदःशास्त्राच्या ग्रंथात काहीही असो. मला वाटते, श्वास घ्यायला जागा हवी होती म्हणून. हा माझा तर्क आहे, परीक्षेत लिहू नका.

ओवी हा शब्द ओवणे या क्रियापदापासून आला असे पुष्कळांचे मत आहे. फुले ओवावी तसे शब्द ओवले ती ओवी. संतांनी तिलाच गाण्यासाठी निराळे रूप दिले, तो अभंग. म्हणजे ज्या दोन छंदांवर मराठी कवितेचे शेकडो वर्षांचे घर उभे आहे, त्यांची पायाभरणी बायकांनी, हातात काम असताना केली. त्यांपैकी एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. मुलींच्या शाळेत तरी हे अवश्य सांगावे.

कांडणानंतर आता गोष्टीकडे. आपल्या शाळेत विचारतात, ‘या गोष्टीचे तात्पर्य लिहा.’ हा प्रश्न मराठीत केव्हापासून विचारला जातो? निदान सातशे वर्षांपासून, आणि तोही आमच्या विदर्भाशी बांधलेल्या एका पंथात. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी लोकांना बोलीभाषेत, छोट्या छोट्या गोष्टी सांगून समजावीत. त्यांच्या शिष्यांत निळभट भांडारेकार हे नाव आहे; ‘भांडारेकार’ म्हणजे आपल्या भंडाऱ्याचे. स्वामींच्या मागे, तेराव्या शतकाच्या अखेरीस, केसोबासांनी अशा 114 गोष्टी एकत्र केल्या, तो दृष्टांतपाठ. त्याची मांडणी शिक्षकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. प्रत्येक ठिकाणी तीन भाग : आधी सूत्र, म्हणजे मूळ विधान. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. मग दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट त्या विधानाला कुठे आणि कशी लागू पडते ते. आपण ज्याला मध्यवर्ती कल्पना, उदाहरण आणि स्पष्टीकरण म्हणतो, ते हेच.

त्यातला हत्तीचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. गावात हत्ती आला. जन्मांध माणसे तो हाताने चाचपून पाहायला गेली. कान हाती आला तो म्हणाला हत्ती सुपासारखा, पाय हाती आला तो म्हणाला खांबासारखा. ही गोष्ट त्याच्याही फार आधी पाली भाषेतल्या उदान या बौद्ध ग्रंथात आली आहे. म्हणजे ती भिक्खूंच्या झोळीतून फिरत फिरत कुठून कुठे गेली असेल, याचा अंदाज करावा. मला मात्र ती दरवर्षी उत्तरपत्रिका तपासताना आठवते. उताऱ्यातली एक ओळ मुलाच्या हाताला लागते, आणि तो सांगतो : सूप! ‘बैल बलवान असतो’ हे उत्तर तसेच नव्हते काय? त्याला बैल हाताला लागला, म्हातारा लागलाच नाही. त्याला पूर्ण हत्तीभोवती फिरवून आणणे हे माझे काम होते.

इंग्रजी अमदानीत ही सारी सामग्री शाळेत आली, त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1836 साली दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण छापले गेले. मोडीत शब्द एकमेकांना जोडून सलग लिहीत; स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह असले काही नव्हते. छापील मराठीत विरामचिन्हे रुजवली ती मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने. आज आपण मुलाला ‘चिन्हाकडे पाहून वाच’ असे सांगतो, तेव्हा त्या गोऱ्या मेजराचेच बोलणे पुढे चालवत असतो. 1857 साली बाबा पदमनजींचे यमुनापर्यटन आले, त्याला आपण मराठीतली पहिली कादंबरी म्हणतो.

आणि हा कादंबरी शब्द तरी काय गमतीचा पाहा. सातव्या शतकात, हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाने एक गद्यकथा लिहायला घेतली. ती पुरी होण्याआधीच तो गेला. उरलेली त्याच्या मुलाने पुरी केली. तिच्या नायिकेचे नाव कादंबरी. मराठीने त्या एका मुलीचे नाव साऱ्या प्रकारालाच देऊन टाकले! कानडीतही हाच शब्द चालतो; पण गोंदियातून रेल्वेने थोडे पुढे, बालाघाटला किंवा डोंगरगडला उतरा, तिथे तो समजणार नाही. तिथे उपन्यास म्हणतात. आमच्या मुलांची ही एक खास अडचण आहे आणि पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत ती कुठे लिहिलेली नसते. 1956 पर्यंत हा सारा मुलूख मध्यप्रांताच्या, पुढे मध्य प्रदेश झालेल्या त्या हिंदी-मराठी राज्यात होता. घरी पोवारी किंवा झाडीबोली किंवा गोंडी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. हिंदीचा मुहावरा तो मराठीचा वाक्प्रचार, तिकडची कहावत ती आपली म्हण, तिकडची आत्मकथा ते आपले आत्मचरित्र, तिकडचा छंद ते शाळेतले वृत्त. लघुकथा हा शब्द दोन्हीकडे आहे, पण हिंदीत ती पानभराची चिमुकली गोष्ट, मराठीत बरीच मोठी असू शकते. मूल चुकले तर ते अडाणी म्हणून नव्हे, दोन घरांत वावरते म्हणून चुकते. अशा मुलाने वहीत ‘ण’ च्या जागी ‘न’ लिहिला तर तो जरूर दुरुस्त करावा. पण त्याने सांगितलेला अर्थ बरोबर असेल तर आधी त्याचे गुण द्यावेत आणि मग लाल पेन्सिल हाती घ्यावी. मी पूर्वी उलटे करीत असे.

या काळातल्या एका माणसाचे नाव मात्र मराठीच्या शिक्षकाने विसरू नये : परशुरामतात्या गोडबोले. 1854 साली त्यांनी नवनीत हा मराठी कवितांच्या वेच्यांचा संग्रह काढला. आपल्या क्रमिक पुस्तकांचा हा आजोबाच म्हणायचा. कितीतरी पिढ्या त्यावर वाढल्या. वृत्तांची ओळख व्हावी म्हणून त्यांनीच वृत्तदर्पण लिहिले. लघू, गुरू, गण, यती यांची जी उजळणी आज नववी-दहावीची मुले करतात, तिची छापील वाट त्यांनी पाडली. आणि याच तात्यांनी संस्कृतातली जी नाटके मराठीत आणली, त्यांत भवभूतीचे उत्तररामचरितही आहे. पदमपूरचा कवी कनोजला गेला आणि हजारावर वर्षांनी, वाईत जन्मलेल्या एका शिक्षकाच्या हातून मराठीत परत आला.

परत येण्याची त्याला खात्री होती, असे दिसते. हयातीत त्याला नावे ठेवणारे लोक असावेत. कारण मालतीमाधवाच्या आरंभी तो म्हणतो त्याचा आशय असा, की माझी ही खटपट तुमच्यासाठी नाहीच. काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, माझा समानधर्मा कधी तरी, कुठे तरी जन्मेल. वाचकासाठी आपल्या परिभाषेत रसिक आणि सहृदय असे शब्द आहेत. त्यांत समानधर्मा हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात वाचक लेखकाच्या शेजारी बसतो, त्याच्या पायाशी नव्हे.

उत्तररामचरिताच्या शेवटच्या अंकात नाटकातच एक नाटक होते. वाल्मीकीने ते रचलेले आहे, गंगेच्या काठी अप्सरा ते करून दाखवतात, आणि राम प्रेक्षकांत बसलेला आहे. पुढे सीतेचेच दुःख चालू आहे. राम इतका कळवळतो की तो तिला हाक मारतो; तेव्हा लक्ष्मणाला त्याला आठवण द्यावी लागते, की आर्य, हे नाटक आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरू लागते, दंडारी होतात, रात्रभर नाटके चालतात. धान कापून दमलेली माणसे घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. तिथे पुढच्या रांगेतली एखादी म्हातारी पदर डोळ्यांना लावते आणि शेजारीण तिला म्हणते, ‘अवो, नाटक होय ते.’ गुरुजी, यंदाच्या मंडईला वर्गातली मुले बरोबर घेऊन जा. दुसऱ्या दिवशी रसाची व्याख्या विचारू नका. काल कोण कोण रडले, आणि नेमक्या कोणत्या वाक्याला, एवढेच विचारा.